फाउंडेशन कोर्स: टॅबवाले की पुस्तकवाले?
औशाजवळच्या आमच्या शाळेत नववी-दहावीला फाउंडेशन कोर्स (म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची आधीपासून तयारी) लावायचं ठरलं आणि गणिताचा मास्तर म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली. दोन कंपन्यांचे नमुने महिनाभर दहावीच्या वर्गात चालवून पाहिले. नावं सांगत नाही.

टॅबवाल्यांचे व्हिडिओ देखणे. प्रकाशाचं अपवर्तन पोरांना झटकन कळलं. पण लाइट गेली की वर्ग संपला, आणि आमच्याकडं लाइट जायला मुहूर्त लागत नाही. शिवाय सगळे प्रश्न चार पर्यायांचे. एका पठ्ठ्यानं वर्गसमीकरण सोडवलंच नाही, चारही उत्तरं त्यात घालून बघितली! डोकं चालवलं खरं, पण बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांचे मार्क कोण देणार?

पुस्तकवाल्यांचा कागद इतका पातळ की मागच्या पानावरचं दिसतं. एका धड्याची उत्तरसूचीच चुकलेली. फोन केला तर म्हणे, "पुढच्या आवृत्तीत बघू सर." पण तिथं आधी वहीत सोडवायचं, मग पर्याय बघायचे. सीईटी आणि नीटचा सरावही वेगळा: सीईटीत चुकलं तरी मार्क कापत नाहीत, नीटला बरोबर उत्तराचे 4 मिळतात, चुकलं की 1 जातो. मला हे फार आवडलं.

पालकांना मात्र टॅबच हवा होता. "सर, लातूर पॅटर्न पाहिजे!" अहो, लातूरच्या शाळा-कॉलेजांचा तो पॅटर्न पेपरामागं पेपर सोडवून गाजला, टॅबवर नाही.

शेवटी पुस्तकंच घेतली. ती उत्तरसूची मी हातानं दुरुस्त करून झेरॉक्स वाटल्या.