लघुग्रहांतली झेप की वाळवंटातला पाठलाग?

हॉलिवूडचा चित्रपट-संगीतकार जॉन विल्यम्स याचं सर्वांत चांगलं ॲक्शन संगीत कोणतं, हा वाद कुठूनही सुरू झाला तरी बहुतेक वेळा शेवटी दोनच तुकडे मैदानात उरतात. एक 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (1980) मधला 'ॲस्टेरॉइड फील्ड' आणि दुसरा इंडियाना जोन्सच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (1981) मधला 'डेझर्ट चेस'. दोन्हींत जेमतेम वर्षाचं अंतर. वाद्यवृंद तोच, लंडन सिम्फनी. ध्वनिमुद्रक तोच, एरिक टॉम्लिन्सन. ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवरही तोच मॉरिस मर्फी. फरक फक्त जागेचा: पहिला डेनमच्या ॲन्व्हिल स्टुडिओत झाला, दुसरा ॲबी रोडला. त्यामुळे 'वादक वेगळे होते' ही पळवाट इथे कुणालाच नाही. जो फरक ऐकू येतो तो लिहिण्यातला आहे.

बाकीचे उमेदवार का नकोत, ते भरभर सांगतो. 'एम्पायर'मधली हॉथ या ग्रहावरच्या बर्फातली लढाई रंगांच्या बाबतीत अफाट आहे, पण शत्रू क्षितिजावरून चालत येईपर्यंत थांबावं लागतं आणि ते थांबणं संगीतातही उतरलंय. इंडियाना जोन्सचाच 'टेम्पल ऑफ डूम' (1984), म्हणजे आपल्या अमरीश पुरींच्या मोला रामचा चित्रपट, त्यातला खाणीतल्या गाड्यांचा पाठलाग वेगाच्या बाबतीत कुणाला ऐकणार नाही. मात्र तो श्वासच घेत नाही, आणि दुसऱ्या मिनिटाला कान बधिर होतो. 'लास्ट क्रुसेड' (1989) मधला मोटरसायकलचा स्केर्झो (जलद, हलकाफुलका तुकडा) खेळकर आहे, जिवावर बेतल्यासारखा वाटत नाही. 'ई.टी.' (1982) चा शेवट या सगळ्यांच्या वर ठेवणारे आहेत आणि त्यांच्याशी भांडायची माझी तयारी नाही. पण तिथे चित्राबरोबर वेळ जुळेना, तेव्हा स्पीलबर्गने पडद्यावरचं चित्र बंद करून विल्यम्सला मैफिलीसारखं मोकळं वाजवू दिलं आणि नंतर चित्रपटच संगीताला जुळवून कापला. ज्याला वेळेची ही सूट मिळाली, त्याला घड्याळाशी बांधलेल्या तुकड्यांबरोबर पळवणं बरोबर नाही.

आता मुख्य जोडी.

'ॲस्टेरॉइड फील्ड' चार मिनिटांच्या आसपासचा आहे आणि त्यातली बांधणी पहिल्याच ऐकण्यात कळते. सुरुवातीला धावपळ: व्हायोलिनची बारीक, जलद कातरकाम केल्यासारखी वाक्यं आणि मधूनच 'इम्पीरियल मार्च' या खलनायकांच्या धुनेचा तुकडा, म्हणजे मागे कोण लागलंय त्याची वर्दी. मग त्या गदारोळावर पितळी वाद्यांची लांब सुरांची एक रुंद सुरावट उभी राहते. खाली सगळे पळताहेत आणि वर एकजण पंख पसरून तरंगतोय, असा तो विरोधाभास. विल्यम्सच्या ॲक्शन संगीतात इतकी गाता येणारी सुरावट फार क्वचित सापडते. ऐकून झाल्यावर ती गुणगुणता येते, आणि हेच तिचं सर्वांत मोठं बळ.

माझी अडचणही तिथूनच सुरू होते. ती सुरावट एकदा डोक्यात बसली की कान तिचीच वाट बघायला लागतो. पहिली काही आवर्तनं ऐकताना सगळा तुकडा जिवंत असतो. पुढे पुढे मधली धावपळ दोन ध्रुवपदांमधल्या अंतऱ्यासारखी वाटू लागते, कधी एकदा संपते आणि मुखडा येतो असं होतं. एवढं मी सहन केलं असतं. खरा काटा आहे शेवट. पडद्यावर नायकांचं यान खड्ड्यात शिरून लपतं, म्हणून संगीतही दबकत गुहेत शिरतं. दृश्य बघताना हे अगदी बरोबर आहे. नुसतं ऐकताना मात्र नाडी वर चढलेली असते, पुढच्या झेपेसाठी आपण पाय रोवलेले असतात, आणि तुकडा आवाज लहान करत खाली बसतो. तेवढ्यात आवाज वाढवावा तर त्यामागून येणारा तुकडा अंगावर धावून येतो. शंभर वेळा ऐकल्यावरही हात त्या जागी आवाजाच्या बटणाकडे जातोच. पाठलागाचं संगीत लपून संपावं, ही एकच गोष्ट मला आजवर पचलेली नाही. इतरांना ती नाजूक आणि हुशार वाटते, आणि तेही चूक आहेत असं म्हणवत नाही.

'डेझर्ट चेस' विस्तारित आवृत्तीत आठ मिनिटांच्या थोडा वर जातो. म्हणजे दुप्पट लांब, आणि त्याला स्वतःची अशी सुरावटच नाही. कागदावर तो हरायलाच हवा.

त्यात मुख्य काम आहे ठेक्याचं. चेलो, डबल बास आणि खालची लाकडी वाद्यं मिळून एक छोटी, टोचणारी आकृती धरून ठेवतात. त्यावर ट्रॉम्बोन आणि हॉर्नचे फटके अनपेक्षित जागी पडतात. तबल्याची सवय असलेल्यांनी मात्रा मोजून बघाव्यात: सम हाताशी आली असं वाटतं आणि पुढच्याच वाक्यात ती सरकलेली असते. त्यामुळे पुढचा फटका कुठे पडणार हे पाठ झाल्यावरही अंग थोडं आवळूनच राहतं. सुरावट पाठ होते तशी ही अस्थिरता पाठ होत नाही. माझं पारडं निम्मं इथेच झुकलं.

उरलेलं निम्मं नायकाच्या, म्हणजे इंडियाना जोन्सच्या, मार्चमुळे. हा मार्च सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच विल्यम्स तो इथे पूर्ण हातात देत नाही. घोड्यावरून ट्रकचा पाठलाग सुरू होतो तेव्हा त्याचा तुकडा उगवतो. नायकाचं जरा बरं चाललंय असं वाटलं की आणखी एक तुकडा येतो आणि लगेच कापला जातो. ट्रकमध्ये शिरणं, चालकाशी झटापट, दंडाला गोळी, काच फोडून बाहेर फेकलं जाणं, ट्रकखालून घसरत मागे, पुन्हा वर: दृश्य असं पायऱ्यांनी रचलेलं आहे आणि प्रत्येक पायरीला मार्च किती दाखवायचा याचा हिशोब ठेवलेला आहे. उधारी साठत जाते. म्हणून शेवटाकडे तो मोकळा होतो तेव्हा ते वसूल झाल्यासारखं वाटतं. 'ॲस्टेरॉइड फील्ड' आपलं उत्तम ते लवकर देऊन टाकतो. 'डेझर्ट चेस' ते ओलीस ठेवतो.

दोष त्यातही आहेत. चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या आसपास, जिथे पडद्यावर नुसती मारामारी चालते, तिथे चित्र माहीत नसलेल्या माणसाला संगीत का थबकलं आणि का वळलं ते कळत नाही. दृश्य न पाहिलेल्याला मी आधी हा तुकडा देणार नाही. त्याच्यासाठी 'ॲस्टेरॉइड फील्ड' निश्चित सोपा. आणि मोबाइलच्या स्पीकरवर 'डेझर्ट चेस' ऐकूच नये. त्याचा पाया खालच्या सुरांत आहे, आणि एवढासा स्पीकर ते सूर काढूच शकत नाही. मग ठेका गळून जातो आणि पितळेचे सुटे फटके तेवढे उरतात. 'ॲस्टेरॉइड फील्ड'ची सुरावट मधल्या-वरच्या पट्टीत असल्याने ती तशाही हालात तगते. गाडीत किंवा बऱ्या हेडफोनवर हा फरक मिटतो, किंबहुना उलटा होतो: तिथे 'ॲस्टेरॉइड फील्ड'मधली व्हायोलिनची जलद कारागिरी आणि वरचं पितळ एकमेकांत गुंतून थोडं दाट वाटतं, तर 'डेझर्ट चेस'मध्ये एका वेळी कोण काय करतंय ते सुटं ऐकू येतं.

दोन्ही तुकडे चित्रपट बघतानाच जोखले जातात, हीही एक गफलत. ट्रकचं इंजिन आणि संगीताचा ठेका एकाच खालच्या पट्टीत आहेत, त्यामुळे चित्रपटगृहात इंजिन जिंकतं. 'त्यात काय, नुसता गोंगाट' असं म्हणणाऱ्यांनी बहुधा फक्त इंजिन ऐकलेलं असतं.

कोणती आवृत्ती घ्यायची, याला इथे बरंच महत्त्व आहे. 'ॲस्टेरॉइड फील्ड' शोधला की अनेक वाद्यवृंदांची मुद्रणं समोर येतात. स्वतः विल्यम्सनेच 1980 मध्ये बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाबरोबर तो पुन्हा वाजवला. ही नंतरची मुद्रणं वाईट नसतात, पण बहुतेकांची लय जराशी सैल असते. कारण साधं आहे. चित्रपटासाठी वाजवताना समोर पडदा आणि घड्याळ असतं, ठराविक क्षणी ठराविक जागी पोचावंच लागतं, म्हणून वादकांना सोयीच्या लयीपेक्षा थोडं पुढे ढकललं जातं. मैफिलीत तो धाक नसतो. मूळच्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिककडून पहिल्या 'स्टार वॉर्स'चा सूट (निवडक तुकड्यांची मालिका) मुद्रित करून घेतला, तोही याच कसोटीवर ऐकण्यासारखा आहे: नाद भरदार, पण मैफिलीचा. तेव्हा लंडन सिम्फनी असं नाव दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'एम्पायर'साठी 1997 चा दोन चकत्यांचा (सीडींचा) संच घ्या, त्यात संगीत चित्रपटाच्या क्रमाने लावलेलं आहे.

'डेझर्ट चेस'ला ही कटकट कमी. मूळ मुद्रण हेच त्याचं प्रमाण मुद्रण. फक्त 1981 चा मूळ अल्बम आखूड आहे. 1995 ची विस्तारित आवृत्ती किंवा 2008 च्या पाच चकत्यांच्या संचातली पहिली चकती शोधा. पहिल्यांदा ऐकताना पितळाकडे कान देऊ नका, डबल बासच्या मागे जा. दुसऱ्यांदा फक्त मार्च कुठे कुठे कापला जातो ते पाहा. मग 'ॲस्टेरॉइड फील्ड' लावा, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात तुमचाही हात बटणाकडे जातो का ते बघा.