डे-केअर केमोथेरपी कक्ष : 16 फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

आईच्या स्तनाच्या कर्करोगावर पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या डे-केअर कक्षात केमोथेरपी झाली. दर 3 आठवड्यांनी एक याप्रमाणे डॉक्सोरुबिसिनचे, म्हणजे सगळे ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात त्याचे, 4 डोस आणि त्यानंतर दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेलचे 12 डोस, अशा एकूण 16 फेऱ्या मी तिच्यासोबत केल्या. पुढे काही तक्रारी असल्यामुळे रुग्णालयाचे नाव लिहिलेले नाही. शिवाय कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरनीही आपल्याविषयी नावानिशी लिहू नये, असे बजावले होते.

पॅक्लिटॅक्सेलची तीव्र प्रतिक्रिया आलीच, तर ती बहुधा पहिल्या दोन डोसांच्या वेळी आणि सलाईन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच येते : चेहरा लाल होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. म्हणून स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जी रोखणारी औषधे आधीच दिली जातात, आणि ती कोणत्याही बऱ्या रुग्णालयात मिळतात. येथे मात्र पहिली 15 मिनिटे एक परिचारिका आईच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसून राहिली. तिचे बोट आईच्या नाडीवर आणि डोळे चेहऱ्यावर होते. गप्पा मात्र आंबेमोहोर भाताला किती पाणी लागते याच्या चालल्या होत्या. ही मुलगी स्वभावानेच प्रेमळ असावी, असे मला वाटले. पुढच्या आठवड्यात दुसरीच परिचारिका आली आणि तीही तशीच बसली, तेव्हा मी चौकशी केली. इन्चार्ज सिस्टरनी कामाची वाटणीच अशी केली आहे, की नवे औषध सुरू होणाऱ्या रुग्णाजवळच्या परिचारिकेला तेवढा वेळ दुसरे कोणतेही काम सांगायचे नाही. मधल्या काळातले फोन, फाईली आणि फार्मसीतले हेलपाटे त्या स्वतः अंगावर घेतात. आईला जी माया वाटली, तिची सोय ड्युटीच्या तक्त्यात आधीच करून ठेवलेली होती.

लाल औषध शिरेबाहेर झिरपले तर आसपासची त्वचा आणि मांस जळते, त्यामुळे त्यासाठी खात्रीची शीर लागते. तिसऱ्या डोसापर्यंत आईच्या शिरा कडक झाल्या होत्या आणि त्या दिवशी एका नवख्या परिचारिकेला दोनदा शीर मिळाली नाही. तिने तिसऱ्यांदा प्रयत्न न करता सरळ इन्चार्ज सिस्टरना बोलावले. कक्षाचा नियमच तसा आहे. सिस्टरनी आधी आईची क्षमा मागितली, हात गरम टॉवेलात गुंडाळून ठेवला आणि थोड्या वेळाने शीर शोधली. त्या मुलीला आमच्यासमोर त्या एवढेच म्हणाल्या, “थांबलीस ते बरं केलंस, आता तू सलाईन लाव, मी बघते.” मी स्वतः एका कारखान्यात पंधरा माणसांचे काम बघतो, चूक कबूल करणाऱ्याशी मी नेमका असाच वागतो, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

समोरच्या खुर्चीवर नेहमी येणारे एक काका अखेरच्या महिन्यात वारले. ती बातमी आली त्या दिवशी परिचारिका दोन-दोन करून पँट्रीत चहाला जात होत्या आणि त्यांच्या खुर्च्यांवर इन्चार्ज सिस्टर लक्ष ठेवून होत्या, एवढेच मला बाहेरून दिसले.

आता उणिवा. बिलाच्या काउंटरवर पैसे भरल्याशिवाय फार्मसी औषध तयार करायला घेत नाही, त्यामुळे सकाळी 8 वाजता पोहोचूनही सलाईन लागायला बहुतेक वेळा 11 वाजत. सोबत्यासाठी धड खुर्ची नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा कक्ष एका व्यक्तीवर फार विसंबून आहे. डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि त्या काळात 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला तरी वाट न पाहता कळवायचे असते. दुसऱ्या डोसनंतर आईला असा ताप आला, तेव्हा इन्चार्ज सिस्टर रजेवर होत्या आणि कक्षाचा फोन बराच वेळ कोणी उचलला नाही. अखेर आम्ही तिला थेट अपघात विभागात नेले. रजेवरून परतल्यावर सिस्टरनी आमच्याकडून सगळे वेळेनिशी लिहून घेतले, “चूक माझी, मी फोन कोणाला सोपवून गेले नव्हते” असे म्हणाल्या आणि तेव्हापासून प्रत्येक पाळीत फोनची जबाबदारी कोणाची, हे फळ्यावर लिहिले जाऊ लागले.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रक्ताचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) अहवाल आदल्या दिवशीच काढून ठेवावा, शाल न्यावी, कारण एसी फार थंड असतो, आणि शिरा नाजूक असतील तर पहिल्या डोसापूर्वीच पोर्ट, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत देण्यासाठी त्वचेखाली बसवायची छोटी डबी, बसवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. आम्ही ते चौथ्या डोसानंतर विचारले.