मनगटातून अँजिओग्राफी: सोलापूरकरांनी काय विचारून घ्यावं

अँजिओग्राफीत धमनीतून हृदयापर्यंत बारीक नळी नेतात आणि डाय (क्ष-किरणात दिसणारं औषध) सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहतात. ती नळी जांघेतून घालायची की मनगटातून, हा पर्याय असेल तर मनगट मागून घ्या. जांघेतली धमनी खोल असते. तिथून रक्त झिरपून पोटाच्या मागे साठलं तर बाहेरून पत्ता लागत नाही. मनगटातली धमनी कातडीलगत, खाली हाड. दाबली की रक्त थांबतं. हार्ट अटॅकमध्ये रक्त पातळ करणारी औषधं भरपूर दिलेली असतात, तिथे हा फरक जिवावरचा ठरतो. १९८९ साली कॅनडात ल्युसिएन कांपो यांनी ही वाट दाखवली. युरोपच्या हृदयरोग संघटनेनं २०१८ मध्ये तिलाच पहिली पसंती दिली. शिवाय चार-सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडणं वाचतं. कंबरदुखीच्या माणसाला विचारा, ते किती मोठं आहे.

मनगटातली धमनी साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद. तीत पाच किंवा सहा फ्रेंच मापाची शीथ, म्हणजे नळी आत घालायची आखूड पोकळ वाट, बसते (तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर). लहान चणीच्या बायकांत धमनी आखडते, हात दुखतो, नळी अडते. म्हणून शीथमधून धमनी सैल करणारं नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापामिल देतात, आणि धमनी बंद पडू नये म्हणून रक्त गोठू न देणारं हेपारिन. धमनीला वळसा असेल तर शेवटी जांघेतूनच करावं लागतं. जांघ आधीच तयार ठेवतात ती त्यासाठी. डायलिसिसचा फिस्तुला (धमनी-शीर जोडून केलेली जागा) असलेला किंवा करायचा असलेला हात सोडायला सांगा. बायपास झालेल्यांना बहुधा डावं मनगट सोयीचं.

खरी परीक्षा नंतरच्या बँडची. नळी काढल्यावर मनगटावर हवेचा बँड बांधतात, त्यात पंधरा मिलिलिटरच्या आसपास हवा. घट्ट आवळून तासन्‌तास ठेवला तर रक्त थांबतं खरं, पण धमनी कायमची बंद पडू शकते. हाताला दुसरी धमनी असल्यानं बहुतेकांना त्रास जाणवत नाही, पण पुढच्या वेळी ती वाट गेलेली असते. रक्त थांबेल आणि खाली नाडीही चालू राहील, इतकाच दाब हवा. हवा थोडी थोडी काढतात. कोण आणि किती वेळानं काढणार, हे वॉर्डातल्या सिस्टरना आधीच विचारा.

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून आलेल्यांनी एस.टी.त त्या हातानं दांडा धरू नये, पिशवी उचलू नये. मोटरसायकल दोन दिवस नको. लूमवर काम करणाऱ्यांनी, घागर उचलणाऱ्या बायकांनी आठवडाभर जड ओढाताण टाळावी. रक्त आलं तर हात उंच करून त्याच जागी बोटानं दहा मिनिटं घट्ट दाबा, मध्ये उघडून पाहू नका. थांबलं नाही तर दाबूनच जवळच्या दवाखान्यात जा. बोटं निळी-गार पडली, मनगट फुगत चाललं तर सकाळची वाट पाहू नका.

डायचा भार मूत्रपिंडावर पडतो. म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, मात्र हृदयाचं पंपिंग कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.