रेनॉक्स डीसीआर-२५० : काचेवरची बर्फनक्षी टिपायला कितपत कामाची?

जानेवारीत लेहला रात्री पारा उणे १५ च्या आसपास उतरतो आणि एकेरी काचेच्या खिडक्यांवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी धरते. दुहेरी काचेच्या हॉटेलात ती सहसा मिळत नाही, म्हणून खोली घेतानाच विचारून घ्या. या नक्षीसाठी वेगळी मॅक्रो लेन्स न्यायची नसेल, तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी झूमच्या तोंडावर बसणारी रेनॉक्सची डीसीआर-२५० ही छोटी क्लोज-अप लेन्स उत्तम. प्रश्न एवढाच, की ही २५० घ्यावी की तिचीच कमी ताकदीची बहीण डीसीआर-१५०?

२५० ची ताकद ८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरासारखं भिंगाच्या ताकदीचं माप), १५० ची ४.८. झूम २०० मिमीवर आणि फोकस अनंतावर असताना २५० मुळे सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या १.६ पट होते, १५० मुळे जवळपास एकास एक. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या चौकटीत पहिलीत साधारण १५ मिमी रुंदीचा तुकडा मावतो, दुसरीत २४ मिमी. बर्फाची अख्खी फांदी, तिचे फाटे आणि ती जिथून फुटली तो काचेवरचा ओरखडा, हे सगळं एकत्र हवं असेल तर २४ मिमीच बरे.

२५० चं खरं दुखणं म्हणजे फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ते अंतर. १.६ पटीवर एफ/८ ला ती मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग भरते. कॅमेरा काचेशी एक अंशानं जरी तिरका राहिला, तरी चौकटीच्या दोन कडांमध्ये पाव मिलिमीटरचा फरक पडतो. मधला भाग धारदार आणि कडा पुसट. म्हणून ट्रायपॉड हवाच. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) चारही कोपरे मोठे करून तपासा आणि फोकससाठी रिंग न फिरवता कॅमेराच पुढेमागे सरकवा. स्लायडर रेल असेल तर फार सोपं जातं. एफ/११ पर्यंत जायला हरकत नाही. एफ/१६ ला स्फटिकांच्या बारीक कडा मऊ पडतात.

काचेची गुणवत्ता या किमतीला अप्रतिम आहे. ती झूमवर अडकवायच्या क्लिपबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर-आट्यांवर ती चिमटा दाबून बसते, पण जाड हातमोजे घातले की एक बाजू हमखास अर्धवट बसते आणि तोच तिरकेपणा फोटोत उतरतो. रेनॉक्सच्या मागच्या बाजूला ४३ मिमीचे आटे आहेत. आपल्या झूमच्या मापाची स्टेप-डाउन रिंग (मोठ्या आट्यांवर लहान आटे बसवणारी कडी) घेऊन रेनॉक्स सरळ आट्यांवर बसवा. हिमबिबट्यासाठी नेलेल्या ७७ मिमी तोंडाच्या १००-४०० वर ही क्लिप बसतच नाही.

२५० लावल्यावर लेन्स आणि बर्फ यांत ११-१२ सेंटीमीटर अंतर राहतं, म्हणजे चेहराही फार लांब नसतो. श्वासाची वाफ स्फटिकांवर जमली की टोकं बोथट होतात, शिवाय लेन्सवरही पापुद्रा धरतो. दोन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. बाहेरून काचेतून फोटो काढल्यास श्वासाचा त्रास टळतो, पण दिसते ती काचेला चिकटलेली सपाट बाजू, उठाव जातो.

बाहेर बर्फ पडलेला असेल तर पांढऱ्यावर पांढरं काही उठून दिसत नाही. खिडकीबाहेर मीटरभर अंतरावर काळी शाल टांगा, आतून छोटा एलईडी टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा. उजाडण्याआधीच सगळं मांडून ठेवा, कारण ऊन काचेवर आलं की नक्षी झपाट्यानं वितळते.

नक्षीसाठी एकच घ्यायची तर १५० घ्या. २५० घ्यावी ती एकेका स्फटिकाच्या कडा पाहण्याची हौस असणाऱ्यांनी. आणि काम झाल्यावर कॅमेरा तडक बुखारीच्या (शेगडीनं तापवलेल्या) खोलीत नेऊ नका. गार खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत नेल्यावर तो खोलीइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका.