समृद्धीजवळचा प्लॉट घेतला, तीन पावसाळे काढले, आता रिव्ह्यू

रेटिंग: ५ पैकी २. ते दोन स्टार पण कागदपत्रांचे अन् आतल्या रस्त्याचे.

लेआउटचं नाव टाकत नाही, ज्यांच्याकडून घेतला ते आजही फोन उचलतात अन् माणसं खोटी नाहीत. कारंजा तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात आहे एवढं सांगतो, इकडच्यांना अंदाज येईल. ३० बाय ५० चा प्लॉट, २०२३ च्या सुरुवातीला घेतला. तेव्हा नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग नुकताच चालू झाला होता, डिसेंबर २०२२ मध्ये, अन् आमच्या भागात ज्याच्याकडे दोन एकर होतं तो पण लेआउटच्या गोष्टी करत होता. मला दाखवायला नेलं ते फेब्रुवारीत. कोरडा रस्ता, तूर निघालेली, गाडी भुर्रकन आत गेली, एजंट म्हणे "भाऊ, समृद्धी टच आहे, डोळ्यानं दिसते ना तुमाले, अजून काय पायजे". दिसत होता खरंच. प्लॉटवर उभं राहिलं की ट्रक जाताना दिसतात, ४०० मीटर पण नसेल.

आता हे नीट समजून घ्या, माझे पैसे इथंच गेले. समृद्धी हा काही आपला जुना नागपूर-औरंगाबाद रोड नाही की कुठूनही चढा कुठंही उतरा. ७०१ किलोमीटर पूर्ण बंदिस्त, दोन्ही बाजूनं कुंपण, चढउतार फक्त इंटरचेंजवर. टू-व्हीलर चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, ऑटो चालत नाही. आमच्या लेआउटमध्ये २२ प्लॉटवाले आहेत, त्यातले १७ जण मोटरसायकलवाले, त्यांच्यासाठी तो महामार्ग म्हणजे फक्त आवाज. अन् माझ्यासारख्या चारचाकीवाल्याला इंटरचेंज गाठायला गावातून, फाट्यावरून फिरून १९ किलोमीटर पडतात, मी मीटरवर मोजले आहेत. म्हणजे ४०० मीटरवरच्या रस्त्याला जायला १९ किलोमीटर. जमिनीचा भाव ४०० मीटरच्या हिशोबानं लावला होता अन् मी तो दिला.

माझा छोटा हत्ती (मालाची छोटी चारचाकी) आहे, मार्केट यार्डात सोयाबीन तूर नेतो, मधात सिमेंट, लग्नाचं सामान, काही पण. रस्ता बघूनच माझं पोट चालतं. तरी मी त्या दिवशी रस्ता बघितला नाही, रिकामी गाडी घेऊन गेलो होतो ना.

फाट्यापासून लेआउटच्या गेटपर्यंत २.३ किलोमीटर आहे, त्यातला पहिला टप्पा डांबरी, गावापर्यंत, अन् पुढं पांदण, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची वाट. काळी कपाशीची जमीन. ज्यांना ही माती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस झाला की फुगते, अन् मुरूम दाबून टाकलेला नसेल, बाजूला नाली नसेल तर चाक पाट्यापर्यंत जातं. जुलै २०२३ मध्ये मी पाया भरायला काढला तं रेतीचा टिप्परवाला गावाच्या शेवटच्या घरापाशी थांबला अन् म्हणे "दादा मी आत येत नाई, फसली तं जेसीबीचे पैसे कोण देईन". त्याचं बरोबर होतं. मग सगळी रेती, गिट्टी, विटा तिथं उतरवायची अन् ट्रॅक्टरनं आत न्यायची, म्हणजे भाडं दोनदा, हमाली दोनदा, विटा फुटल्या त्या वेगळ्या. घराचं बजेट तिथंच हाललं. शेवटी काम थांबवलं अन् दिवाळीनंतर चालू केलं.

याच्यातली खरी गोष्ट अशी की लेआउट बेकायदेशीर नाही. एनए (बिगरशेती) आहे, नगररचनेची मंजुरी आहे, महारेराला नोंदणी आहे (ही प्लॉट-फ्लॅटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था; ५०० चौरस मीटरच्या वर जागा अन् ८ पेक्षा जास्त प्लॉट असले की ती लागते, महारेराच्या वेबसाइटवर नकाशा पण बघता येतो, घेण्याआधी बघाच). आतले रस्ते ९ मीटरचे सोडले आहेत, राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत १५० मीटर लांबीपर्यंत तेवढेच लागतात, त्याच्यावर लांब असला की जास्त रुंद. ओपन स्पेस पण सोडली आहे, तिथं कडुलिंब लावले, जगले आहेत, खांबावर लाइट आहेत. आत सगळं नीट. पण आतला ९ मीटरचा रस्ता बाहेर ज्या पांदणीला लागतो तिच्यावरून समोरून बैलबंडी आली की माझी गाडी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढवावी लागते. नकाशात ती पांदण "अस्तित्वातील रस्ता" म्हणून एका रेघेत दाखवली आहे अन् सगळ्यांनी ती रेघ मान्य केली. पावसाळ्यात त्या रेघेवरून २२ घरांचं दूध, गॅस सिलिंडर, शाळेचे पोरं अन् वेळ आली तर १०८ ची गाडी कशी जाईल, हा प्रश्न कोणीच कागदावर मांडला नाही, मी पण नाही मांडला.

एजंटनं दुसरा रस्ता पण दाखवला होता. शकुंतलेची लाइन ओलांडून सरळ गेलं की डांबरी रोड १ किलोमीटरच्या आत. बाहेरच्यांसाठी, शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ नॅरोगेज, कापसासाठी टाकलेली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनवर चालायची. आता गाडी बंद आहे, रुळावर बाभळी उगवल्या. पण गाडी बंद झाली म्हणून जागा आपली होत नाही ना, अन् इकडचे लोक तर ब्रॉडगेज मागून राहिले, मलाही ती व्हावी असं मनापासून वाटतं, माझी आजी त्या गाडीनं माहेरी जायची. उद्या ब्रॉडगेज झाली तर तिथं फाटक किंवा बोगदा आपल्या लेआउटसाठी देतीलच असं कोणी लिहून दिलं आहे का? नाही. तेव्हा तो रस्ता धरूच नका.

सर्वात जास्त त्रास बायकांना अन् पोरींना. माझी भाची आमच्याकडे शिकायला आहे, नववीत. मानव विकासची निळी बस मुलींना फुकट आहे, चांगली योजना आहे, पण ती थांबते फाट्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये पोरगी चप्पल हातात घेऊन पांदण पार करते, गावातल्या नळावर पाय धुते, मग फाट्यावर जाते. आई ७५ च्या वर, तिला एसटी फुकट, बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पण पावसाळ्याचे तीन महिने आईला दवाखान्यात न्यायचं तर मीच पाहिजे गाडी घेऊन, मी ट्रिपवर असलो की तिची गोळी संपली तरी ती सांगत नाही. हे लिहिताना पण वाईट वाटतं.

माझ्या साडूनं त्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या अंगाला प्लॉट घेतला, माझ्यापेक्षा दीड लाख महाग पडला अन् आम्ही त्याला म्हणत होतो काऊन एवढे देऊन राहिला बापा. तिथल्या लेआउटवाल्यानं डीपीमधला (शहराच्या विकास आराखड्यातला) रस्ता आधी पूर्ण रुंदीनं सोडला, बाजूच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत नेऊन मोकळा ठेवला, म्हणजे उद्या शेजारी लेआउट पडला तर रस्ता जुळेल. आमच्याकडे प्रत्येकानं आपल्या शेवटाला भिंत घातली आहे, तीन लेआउट लागून आहेत पण एकातून दुसऱ्यात सायकल जात नाही. त्याच्या इथं मेन रोडला लागताना कोपरे मोठे कापले आहेत, भरलेला ट्रक एका दमात वळतो. नालीवर पाइप न टाकता स्लॅबचा रपटा टाकला. प्लॉट विकायच्या आधी मुरूम-गिट्टी टाकून रोलर फिरवला. त्याला माझ्याकडून ५ पैकी ४.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा, पांदण त्यात आहे का अन् किती रुंद आहे ते बघा, मग जागेवर टेप घेऊन जा, अतिक्रमणात किती उरली ते मोजा. जा पण ऑगस्टमध्ये, अन् भरलेली गाडी घेऊन. एजंट म्हणेल पाऊस उघडू द्या, तर समजून जा.

आम्ही २२ जणांनी अन् गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून मातोश्री पाणंद रस्ते योजनेत रस्ता घ्यावा म्हणून ग्रामपंचायतीत ठराव केला आहे. दोन शेतकरी धुरा सरकवायला तयार झाले, एक नाही, त्याच्या घरी परवा पुन्हा जाणार आहोत. मुरूम पडला की स्टार वाढवतो, तोपर्यंत दोनच.