सॅटर्न फाइव्ह, मर्क्युरी रेडस्टोन की नाइकी स्मोक: पहिलं स्केल रॉकेट कुठलं घ्यायचं?

अमेरिकेतल्या मराठी घरात हे हमखास होतं. पोराने एस्टेस या मॉडेल रॉकेट कंपनीची दोन-चार साधी रॉकेट्स उडवलेली असतात, अल्फा थ्री वगैरे, मग कधीतरी ह्यूस्टनला नाहीतर हंट्सव्हिलला ट्रिप होते, तिथे चंद्रावर माणसं नेणारं अख्खं खरं सॅटर्न फाइव्ह बघितलं जातं आणि परतीच्या गाडीतच फर्मान सुटतं, मला हेच बनवायचंय. घरातल्या बाबालाही मनातून तेच हवं असतं, त्यामुळे नाही म्हणायला कोणी उरतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, पहिलं स्केल किट, म्हणजे खऱ्या रॉकेटची प्रमाणात छोटी केलेली उडणारी प्रतिकृती, म्हणून सॅटर्न नको. नाइकी स्मोकसारखं एखादं साउंडिंग रॉकेट, म्हणजे वरच्या हवेत मोजमापं करायला सोडतात ते छोटं रॉकेट, घ्या, मग मर्क्युरी रेडस्टोन, सॅटर्न त्याच्यानंतर. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं "अवघड आहे" म्हटलं की लोकांना उलट चेव येतो.

मुद्दा असा की मॉडेल रॉकेटला स्टिअरिंग नसतं. लाँच पॅडवरच्या सरळ दांड्यावरून, म्हणजे रॉडवरून, सुटलं की सरळ ठेवायचं काम फक्त मागच्या फिन्सचं, म्हणजे पंखांचं, आणि ते जमायला रॉकेटच्या वजनाचा मध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा नाकाच्या बाजूला लागतो, निदान ट्यूबच्या एका व्यासाएवढा तरी पुढे. खऱ्या सॅटर्नला ही चिंताच नव्हती, पाच एफ-१ इंजिनांपैकी बाहेरची चार वळवता यायची, त्यामुळे ११०.६ मीटर उंचीच्या त्या धुडाला फिन्स दिलीयत ती अगदी नावापुरती. मॉडेलमध्ये तेवढ्याशा फिन्सच्या भरवशावर राहिलं तर ते वर जाण्याऐवजी गटांगळ्या खाणार. मग किट बनवणारे युक्त्या करतात, फिन्स जरा मोठी देतात, किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची देतात म्हणजे लांबून दिसत नाहीत, किंवा नाकात वजन टाकायला लावतात. रेडस्टोनचं थोडंफार तसंच, त्याच्या फिन्सच्या टोकाला हलणारे रडर होते आणि इंजिनाच्या झोतात कार्बनच्या पट्ट्या होत्या, म्हणजे तेही स्वतःला वळवत जाणारं रॉकेट. नाइकी स्मोक मात्र खरोखरच्या आयुष्यातसुद्धा बिनस्टिअरिंगचं होतं. चार मोठ्या फिन्सवर सरळ वर जायचं आणि मागे धुराची रेघ सोडायचं, त्या रेघेवरून नासावाले वरच्या हवेतला वारा मोजायचे. थोडक्यात जे आपलं मॉडेल करतं तेच ते खरं रॉकेट करत होतं, म्हणून प्रमाणात छोटं केलं तरी कुठे खोटेपणा करावा लागत नाही आणि उडतंही मस्त.

आणि आपल्यासाठी एक जास्तीचं आकर्षण आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबाहून जे पहिलं रॉकेट उडालं ते नाइकी-अपाची, त्याचा खालचा, आधी पेटणारा टप्पा म्हणजे नाइकी स्मोकचाच नाइकी बूस्टर. पोराला ही गोष्ट सांगून बघा, सॅटर्नचा हट्ट जरा तरी मवाळ होतो.

आता बांधणी. साउंडिंग रॉकेटमध्ये काय असतं, एक ट्यूब, एक लांब नोज कोन, चार फिन्स, मोटर माउंट म्हणजे इंधन भरलेली मोटर बसवायची जागा, संपलं. पण स्केल म्हणून घेतलंय तर सगळं लक्ष फिनिशिंगकडे द्यायला लागतं आणि तेच तर शिकायचं असतं. पुठ्ठ्याच्या ट्यूबवर गोल गोल फिरत गेलेली बारीक खाच असते, ती वुड फिलर थोडा पाण्यात पातळ करून भरायची, वाळला की घासायची, प्रायमर मारायचा, उजेडासमोर तिरकी धरून बघायची, परत दिसली तर परत. फिन ट्यूबला चिकटते तिथे ग्लूची बारीक गोलाई द्यायची, बोट ओलं करून एकदाच ओढायचं, सारखं सारखं केलं की ग्लू गोळा होतो. नाइकीची फिन्स सपाट फळीसारखी नाहीत, त्यांना जाडी आणि धार आहे, कुठल्या किटमध्ये ती कशी करायची ते आधी बघून घ्या कारण खरं काम तिथेच आहे.

रेडस्टोनमध्ये घोडं अडतं ते वरच्या एस्केप टॉवरपाशी, म्हणजे धोका झाला तर कॅप्सूल ओढून दूर नेणाऱ्या भागापाशी. कॅप्सूलच्या डोक्यावरची ती जाळीदार शिडी, प्लॅस्टिकच्या काड्याकाड्यांची, ती सरळ उभी राहिली तर मॉडेल एक नंबर दिसतं आणि जरा कलली तर बाकी कितीही चांगलं करा, नजर तिथेच जाते. संयम असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला-मुलाला जमतं, आठ वर्षांच्याला नाही. बाकी ट्यूब सरळसोट आहे, रंगही काळा-पांढरा आणि आटोपशीर. शिवाय गोष्ट भारी, ५ मे १९६१, अ‍ॅलन शेपर्ड, पंधरा मिनिटांचं उड्डाण आणि अमेरिकेचा पहिला माणूस अंतराळात.

सॅटर्नचं सांगायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. एस्टेसचं १:१०० चं किट, २०१९ साली चंद्रावर उतरण्याला ५० वर्षं झाली तेव्हा परत काढलेलं, ज्याचा किट नंबरच १९६९ आहे, ते उभं केलं की साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर भरतं. त्यात खरी परीक्षा म्हणजे रॅप्स. खऱ्या रॉकेटच्या अंगावर ज्या उभ्या पन्हाळ्या दिसतात त्या इथे पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यावर उठवलेल्या असतात, तो पत्रा कापून ट्यूबभोवती गुंडाळून चिकटवायचा. एक मिलिमीटर जास्त कापला तर फट, कमी कापला तर टोकं एकमेकांवर चढतात, आणि प्लॅस्टिक विरघळवणारा ग्लू सढळ हाताने लावला तर पन्हाळी मऊ पडून बसते ती कायमची. म्हणून आधी कोरडाच गुंडाळून बघायचा, पेन्सिलची खूण करायची, जोड सगळे एका रेषेत मागच्या बाजूला घ्यायचे, आणि मग थोडा थोडा चिकटवत जायचं. मग रंग! ते काळे-पांढरे चौकोन मास्क करताना टेप लावल्यावर आधी टेपच्या कडेवर परत एकदा पांढराच स्प्रे मारायचा, तो कडेखाली झिरपून फट बुजवतो, मग काळा. हे केलं नाही तर त्या पन्हाळ्यांमधून काळा रंग आत पळतोच पळतो. हे सगळं शनिवार-रविवारचं काम नव्हे, जेवणाच्या टेबलाचं एक टोक काही महिने गेलं असं धरून चाला आणि घरात तसं आधी बोलून ठेवा.

१:२०० चं छोटं सॅटर्नही मिळतं, साधारण ५५ सेंटिमीटर. बांधायला बरंच सोपं, १८ मिलिमीटरच्या मोटरवर उडतं, त्यामुळे हट्ट अगदीच मोडवत नसेल तर ही मांडवली चांगली आहे. बारकावे कमी दिसतात हे खरं, पण तीन मीटरवरून कोणाला कळत नाही.

उडवताना फरक आणखी वाढतो. मोटरच्या नावातलं पहिलं अक्षर एक पुढे गेलं की ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट, बी म्हणजे ५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, सी १०, डी २०, ई ४०. पुढचा आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये आणि शेवटचा म्हणजे मोटर विझल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं तो. म्हणजे डी१२-३ मध्ये तीनच सेकंद, कारण जड रॉकेट लवकर दमतं आणि सात सेकंद थांबलात तर ते नाक खाली करून जमिनीकडे निघालेलं असतं. १:१०० सॅटर्नला २४ मिलिमीटरची डी किंवा ई मोटर लागते, रॉडही नेहमीचा एक-अष्टमांश इंची नाही चालत, तीन-सोळांश इंची जाड लागतो, म्हणजे जुना लाँच पॅड बहुतेक बाद. नाइकी स्मोक वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या साइझमध्ये काढतात आणि स्टॉक येतो-जातो, तेव्हा घेताना मोटर माउंट बघा, २९ मिलिमीटरवालं असेल तर ते एफ-जी मोटरचं प्रकरण आहे, पहिल्या वेळेला २४ च्या वर जाऊ नका.

जागेचा विचार तर कोणीच करत नाही. मॉडेल रॉकेटवाल्यांची अमेरिकी संघटना नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, तिच्या नियमांत सी मोटरला किमान ४०० फुटांचं मैदान सांगितलंय, डीला ५००, ई आली की एकदम १०००, आणि चौकोनी मैदान असेल तर हे माप लहान बाजूचं धरायचं. शाळेचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान रुंदीला १६० फूट, म्हणजे तिथे ए मोटरवर समाधान माना. सॅटर्नसाठी रॉकेट क्लबच्या लाँचलाच जावं लागतं, जे तसं चांगलंच, जाड रॉड असलेला पॅडही तिथेच मिळतो. डीपर्यंत १५ फूट लांब उभं राहायचं, त्याच्या वर ३० फूट, वारा ताशी २० मैलांपेक्षा जास्त असेल तर उडवायचंच नाही, आणि बटण दाबून पेटलं नाही तर साठ सेकंद थांबून मगच जवळ जायचं, पोरं इथे धावतात, लक्ष ठेवा. जाडजूड सॅटर्नला तर मी १० मैलांच्या वाऱ्यातही उडवायला नको म्हणेन, रॉडवरून सावकाश सुटतं आणि वाऱ्याकडे तोंड वळवतं.

खाली आल्यावरचा हिशोब वेगळा. नाइकीची फिन तुटली तर त्याच संध्याकाळी चिकटते. रेडस्टोनचा टॉवर गवतात आपटून मोडतो, त्याला सुटे भाग जपून ठेवा. सॅटर्नला मात्र एकेक ओरखडा लागतो तो तुमच्या काही महिन्यांच्या कामावर, त्यामुळे बरेच लोक ते एकदा उडवतात, फोटो-व्हिडिओ काढतात आणि कपाटावर उभं करून टाकतात. यात वाईट काही नाही, पण मग सारखं उडवायला दुसरं रॉकेट लागणारच, तेव्हा बजेट दोन किट्सचं धरा. मोटरचा खर्चही बघा, सीच्या पाकिटात तीन येतात, डीच्या दोनच.

भारतात भाच्याला न्यायचं असेल तर किट बॅगेत चालतं पण मोटर्स नाही, ना चेक-इनमध्ये ना हातात, मोटर पेटवायचा इग्नायटरही नाही, उगाच "कोण बघतंय" करू नका. तिथे ते उडणारच नसेल तर मग वरचा सगळा हिशोब उलटा होतो, नाइकीला कपाटावर उभं करून मजा नाही, सरळ १:२०० चं सॅटर्न घ्या, बॅगेत तिरकं मावतं.