मिलिमीटरभराच्या भुंगेऱ्यांसाठी स्टिरिओ झूम मायक्रोस्कोप: घेताना काय बघायचं

सातपुड्याच्या पायथ्याचा पालापाचोळा किंवा रावेर-यावल पट्ट्यातला कुजका केळीचा खांब पांढऱ्या ट्रेवर झटकला, की चालणाऱ्या ठिपक्यांत मिलिमीटरभराचे, कधी त्याहून बारीक भुंगेरे निघतात. त्यांची ओळख पटवायची आणि एखादी आजवर वर्णन न झालेली प्रजाती हाती लागलीच तर ती मांडायची, तर पहिली खरेदी स्टिरिओ झूम मायक्रोस्कोपची. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सर्रास असतो तो अंबाला बनावटीचा, ०.७ ते ४.५ झूमचा ट्रायनॉक्युलर, म्हणजे डोळ्यांसाठी दोन नि कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला. १० पटीच्या आयपीससह (डोळ्याजवळच्या भिंगासह) तो ७ ते ४५ पट मोठं दाखवतो. हे परीक्षण त्या प्रकाराचं आणि एवढ्या एका कामापुरतं. कापसावरचे तुडतुडे मोजायला तो कसाही चालतो.

या कामाला ४५ पट कमी पडतात. आयपीसवर २० आकडा असतो, तो दिसणाऱ्या वर्तुळाचं मिमीतलं माप सांगतो, म्हणजे ४५ पटीला दिसणारं वर्तुळ २० भागिले ४.५, साधारण ४.४ मिमीचं. आजवर माहीत असलेला सर्वांत छोटा भुंगेरा सायडोसेला मुसावासेन्सिस. कोलंबियातल्या नमुन्यांची मापं २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत सर्वांत लहान नमुना ०.३२५ मिमी भरला. आयपीसमधल्या १० मिमीच्या, शंभर घरांच्या पट्टीवर ४५ पटीला तो जेमतेम पंधरा घरं व्यापेल. एका घराची चूक झाली की माप सात टक्के हुकलं. खाली २ पटीची जोडलेन्स लावली की ९० पट मिळतात, तोच नमुना एकोणतीस घरांवर येतो. ही लेन्स सुरुवातीलाच मागून घ्यावी.

इथे विक्रेते हमखास २० पटीचे आयपीस गळ्यात मारतात आणि डब्यावर १८० पट छापतात. आयपीस बदलून चित्र फुगतं, बारकावा वाढत नाही. बारकावा खालच्या लेन्सवर ठरतो. ते पैसे दिव्यात घाला.

कारण खरी अडचण उजेडाचीच आहे. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक आणि तेलकट चकचकीत. सोबत येणारा गोल एलईडी दिवा लावला की पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचं अख्खं कडं उमटतं, आणि पंखावरचे खळगे, रांगा, मधली जाळीदार नक्षी, म्हणजे वर्णनात लिहायचं असतं नेमकं तेच, त्याखाली गाडलं जातं. उपाय चार आण्यांचा: ट्रेसिंग पेपरची दोनेक सेंमी उंच नळी करून नमुन्याभोवती उभी करायची आणि दिवा बाहेरून, बाजूने मारायचा. नळीऐवजी अर्धा कापलेला, वर भोक पाडलेला टेबल टेनिसचा चेंडूही चालतो. नक्षी दिसेना तर एका बाजूचा दिवा मंद करावा, सावली पडली की खळगे उठून येतात. स्टँडमधला वरचा दिवा मात्र जोडलेन्स लावल्यावर निरुपयोगी ठरतो. लेन्स आणि नमुना यांतलं अंतर दहा सेंमीवरून तीन सेंमीच्या आसपास येतं आणि झोत लेन्सच्या नळीवरच अडतो. त्यामुळे वाकणाऱ्या मानेचे दोन सुटे दिवे हवेतच.

मोजमापात या यंत्राचा एक दोष सांभाळावा लागतो. झूमच्या नॉबला खटके नसतात. ३ वर ठेवला म्हणून दर वेळी तो ३ वरच असेल, याचा भरवसा नाही. मापं फक्त शेवटच्या टोकाला, जिथे नॉब अडते तिथेच घ्यावीत. तेवढ्या एका जागेसाठी ०.०१ मिमी घरांच्या स्टेज मायक्रोमीटरने (नमुन्याच्या जागी ठेवायच्या, खुणा कोरलेल्या काचपट्टीने) पट्टी तपासून घ्यावी. जोडलेन्स काढली-घातली की पुन्हा तपासणी.

कॅमेऱ्याच्या वजनाने मायक्रोस्कोपचं डोकं हळूहळू खाली सरकतं, ही दुसरी कटकट. ९० पटीला केसभर सरकलं तरी चित्र धूसर. दोन्ही बाजूंच्या फोकस नॉब एकमेकींच्या उलट दिशेने पिळल्या की घट्टपणा वाढतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हाने आतलं ग्रीस पातळ होतं, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून भुलू नका. वेगवेगळ्या फोकसला पंचवीस-तीस फोटो काढून ते सॉफ्टवेअरने एकत्र केल्याशिवाय एवढ्या भुंगेऱ्याचं छापण्याजोगं चित्र होत नाही.

जे याने होत नाही तेही समजून घ्यावं. जवळच्या प्रजाती पुष्कळदा नराच्या जननांगावरूनच वेगळ्या ठरतात. नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, पोट वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास ठेवायचं, धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्यायचं. चिरफाड स्टिरिओखाली उत्तम होते, पण आकार बघायला ४०० पटीचा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप लागतोच. काम काचेवर अल्कोहोलमध्ये केलं तर इथल्या उन्हाळ्यात थेंब बघता बघता उडतो आणि मिशीचा शेवटचा सांधा सुकून तुटतो. चिरफाड ग्लिसरीनमध्येच करावी.

होलोटाइप, म्हणजे नव्या प्रजातीचं वर्णन ज्याच्यावर बेतलं तो मूळ नमुना, मात्र घरच्या कपाटात ठेवायचा नसतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या संग्रहालयात द्यावा लागतो. आपल्याला जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्याच्या आकुर्डीतलं केंद्र. यावल अभयारण्यात गोळा करणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी.

सोबतचं प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात वापरू नये. आत दमट हवा कोंडून लेन्सवर बुरशीचे धागे चढतात. सुती कापड टाकावं, जिनिंगच्या हंगामात ते दुहेरी, आणि श्रावण सरेपर्यंत जोडलेन्स नि आयपीस सिलिका जेलच्या डब्यात. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात.